डेलिगेट मिळतात अपूर्णांकांवर

विचारलेला प्रश्न असा: "२००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया ही मोठी राज्ये जिंकली, तरी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी बराक ओबामांना मिळाली. राज्य जिंकूनही डेलिगेट कमी पडतात, हे होते कसे? आणि मिनेसोटात राहणाऱ्या, नुकतीच नागरिक झालेल्या माझ्या भाचीला स्वतः डेलिगेट व्हायचे असेल तर तिने काय करावे?"

दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोघांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. म्हणून एकत्रच लिहिते.

आधी माझ्याविषयी दोन वाक्ये. मी २००८ पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत डेलिगेटांच्या टेबलावर काम करते आहे, बहुतेक वेळा स्वयंसेवक म्हणून, कधी पगारी. मोहिमेच्या कचेरीत एक मोठी खोली असते; तिथे टीव्ही, घोषणा, पिझ्झा. आणि मागे एक बारकी खोली असते, तिथे दोन-तीन माणसे तक्ते उघडून बसलेली असतात. निकालाच्या रात्री पुढच्या खोलीत जल्लोष चालू असताना मागच्या खोलीत सुतकी चेहरे, किंवा याच्या नेमके उलट, असे मी अनेकदा पाहिले आहे. मी मागच्या खोलीतली.

शब्दाचेही सांगते. मराठी वर्तमानपत्रे डेलिगेटला 'प्रतिनिधी' म्हणतात. पण अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यालाही आपण प्रतिनिधीच म्हणतो आणि घोळ होतो. डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवारासाठी हात वर करणारा माणूस. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मत देणारे लोक उमेदवार थेट निवडत नाहीत. ते या माणसांचे वाटप ठरवतात.

आता गणित. सगळी मेख इथे आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात राज्याचे बांधील डेलिगेट, म्हणजे पडलेल्या मतांनुसार उमेदवारांना वाटून दिलेले डेलिगेट, तीन ढिगांत विभागलेले असतात. सर्वांत मोठा ढीग मतदारसंघांचा. दुसरा संपूर्ण राज्याचा. तिसरा स्थानिक नेते आणि पदाधिकाऱ्यांसाठी राखलेला, पण त्याचेही वाटप राज्यभरच्या मतांवर होते. प्रत्येक ढिगाचा आणि प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब स्वतंत्र. म्हणजे एखाद्या राज्यात २० मतदारसंघ असले तर तिथे त्या दिवशी एक निवडणूक होत नाही, बावीस होतात. माणसाचे तुकडे करता येत नाहीत, त्यामुळे या प्रत्येक निवडणुकीत अपूर्णांकाचा पूर्णांक करावा लागतो, आणि कोणाचे नशीब उघडते ते तिथे ठरते.

उदाहरण घ्या. एका मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत आणि दोनच उमेदवार. एकाला ६२ टक्के मते, दुसऱ्याला ३८. चारला गुणले की २.४८ आणि १.५२. आधी पूर्ण संख्या वाटायच्या: दोन आणि एक. उरलेली एक जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. .५२ मोठा. म्हणजे निकाल २-२. चोवीस टक्क्यांची आघाडी घेऊन हाती काय आले? बरोबरी. आता फक्त एक टक्का वाढवा: ६३ आणि ३७. गुणाकार २.५२ आणि १.४८. निकाल ३-१. एका टक्क्याने दोन जागांचा फरक पडला.

हेच ५ डेलिगेटांच्या मतदारसंघात करून पाहा. ५१-४९ असे काठावरचे मतदान झाले तरी २.५५ आणि २.४५, म्हणजे ३-२. तीनच्या मतदारसंघात तर एका मताने जिंकलात तरी २-१. सहाच्या मतदारसंघात ५८ टक्क्यांवर ३-३ आणि ५९ टक्क्यांवर ४-२.

आमच्या खोलीतली माणसे नकाशाकडे पाहत नाहीत, सम आणि विषम पाहतात. विषम मतदारसंघ चुरशीचा असेल तर तिथे जीव टाकायचा, कारण पन्नासच्या रेषेवर एक जागा बसलेली आहे. सम मतदारसंघात ५५ टक्क्यांवर असाल तर तिथे आणखी जाहिराती करणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ५५ चे ६० केलेत तरी चार जागांत २-२ च. उलट, जिथे तुम्ही मागे आहात, ३५ वर आहात, तिथे ३८ पर्यंत नेलेत तर प्रतिस्पर्ध्याची एक जागा तुमच्याकडे येते. हरणाऱ्या जागी पैसे घालायला उमेदवाराला पटवणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत अवघड काम. कोणाही नेत्याला आपण हरणार तिथे सभा घ्यायला आवडत नाही.

या गणितातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर निघते. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी पुष्कळ राज्यांत मतदान असते तो मंगळवार. न्यू जर्सीत ११ लाखांहून जास्त लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मते दिली. क्लिंटन सुमारे ५४-४४ ने जिंकल्या. तिथे पक्षाने विधानमंडळाच्या ४० मतदारसंघांच्या जोड्या लावून २० डेलिगेट मतदारसंघ केले होते, बहुतेकांत तीन किंवा चार जागा. चारच्या ठिकाणी ५४ टक्क्यांवर २-२. तीनच्या ठिकाणी २-१. बेरीज ५९-४८. एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या आपल्या मराठी मंडळींच्या गावांसकट एवढे मोठे राज्य खिशात घालून क्लिंटन यांची कमाई ११ जागांची.

त्याच दिवशी आयडाहोत कॉकस होता, म्हणजे पक्षाच्या लोकांनी ठरल्या वेळी एका जागी जमून उमेदवार पसंत करायचा. डोंगराळ, पक्के रिपब्लिकन राज्य. नोव्हेंबरात डेमोक्रॅट तिथे जिंकण्याची शक्यता शून्य. कॉकसला साधारण २१ हजार लोक आले. ओबामांच्या माणसांनी तिथे कचेऱ्या उघडल्या होत्या, आणि तीन दिवस आधी बॉयसी शहरात ओबामा स्वतः येऊन गेले होते, तेव्हा सभेला १४ हजारांच्या आसपास लोक होते. क्लिंटन यांच्या मोहिमेने तिकडे फारसे पाहिलेच नाही. निकाल ओबामांच्या बाजूने जवळजवळ ८० टक्के. डेलिगेट १५-३. कमाई १२.

अकरा लाख मतांच्या राज्यातून ११ आणि एकवीस हजारांच्या राज्यातून १२. हा चमत्कार नाही, फसवणूकही नाही. प्रमाणबद्ध वाटपात राज्य जिंकण्याला स्वतःची अशी किंमत नसते, किंमत असते फरकाला. क्लिंटन यांनी आयडाहोत थोडे मन लावून ६०-४० असा पराभव पत्करला असता तर ११-७ च्या आसपास जागा वाटल्या गेल्या असत्या आणि ओबामांची कमाई १२ वरून ४ वर आली असती. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात कोट्यवधी डॉलर आणि सहा आठवडे घालवून, नऊ टक्क्यांनी जिंकून, क्लिंटन यांची कमाई किती होती? ८५-७३, म्हणजे बारा. आयडाहोतल्या त्या आठ जागा किती स्वस्तात वाचल्या असत्या, याचा हिशेब तुम्हीच करा.

नेव्हाडात तर आणखी मजा झाली. जानेवारी २००८ च्या कॉकसमध्ये क्लिंटन यांना ५१ टक्क्यांच्या आसपास, ओबामांना ४५. टीव्हीवर क्लिंटन विजयी. डेलिगेट मात्र ओबामांचे १३, क्लिंटन यांचे १२. लास वेगासच्या बाजूला सम जागा होत्या, त्या समसमान वाटल्या गेल्या. उत्तरेकडच्या विरळ वस्तीत विषम जागा होती, ती ओबामांनी उचलली. त्या रात्री क्लिंटन यांच्या पुढच्या खोलीत आनंद असणार आणि मागच्या खोलीत कोणीतरी कपाळाला हात लावून बसलेले असणार, याबद्दल मला शंका नाही.

टेक्सासची गोष्ट जरा लांब आहे पण सांगायलाच हवी. त्या वर्षी तिथे सकाळपासून प्रायमरी आणि मतदान संपल्यावर रात्री त्याच ठिकाणी कॉकस, अशी दुहेरी पद्धत होती. १९३ बांधील डेलिगेटांपैकी १२६ प्रायमरीतून आणि ६७ कॉकसमधून. प्रायमरीच्या जागा राज्याच्या सिनेट मतदारसंघांनुसार, आणि प्रत्येक मतदारसंघाला किती जागा हे मागच्या निवडणुकांत तिथून डेमोक्रॅटिक पक्षाला किती मते पडली त्यावर. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथल्या काही मतदारसंघांत पूर्वी भरघोस मतदान झाले होते, तिथे जागा जास्त. आणि ओबामांचे बळ तिथेच होते. मेक्सिकोच्या सीमेलगत, जिथे क्लिंटन लोकप्रिय होत्या, तिथे पूर्वीचे मतदान कमी, म्हणून जागाही कमी. क्लिंटन यांनी प्रायमरी ५१-४७ अशी जिंकली, डेलिगेट ६५-६१. रात्री कॉकसमध्ये ओबामांचे लोक थांबले, क्लिंटन यांचे बरेच घरी गेले: ३८-२९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४. टेक्सास कोणी जिंकले असे विचाराल तर दोघांचेही समर्थक आजही "आम्ही" म्हणतील.

ओबामांचा हा विभाग जेफ्री बर्मन नावाचे वकील सांभाळत. पुढच्या वेळी, २०१६ साठी, क्लिंटन यांनी त्यांनाच आपल्याकडे घेतले. ठेच लागली की शहाणपण येते म्हणतात, ते असे.

आता उंबरठा. डेमोक्रॅटिक नियमांत १५ टक्क्यांखालच्या उमेदवाराला त्या ढिगातून एकही जागा मिळत नाही. त्याची मते बाजूला काढायची आणि उरलेल्यांची टक्केवारी नव्याने मांडायची. समजा एकाला ३४ टक्के, दुसऱ्याला २०, आणि बाकीचे सगळे पंधराच्या खाली विखुरलेले. पात्र मते ५४. त्यांत पहिल्याचा वाटा ६३ टक्के होतो. चार जागांच्या मतदारसंघात तो तीन घेऊन जातो. तीनांतला एकच मतदार त्याच्या बाजूचा होता, हे आठवा. म्हणून गर्दीच्या शर्यतीत १६ टक्क्यांचा उमेदवार आणि १४ टक्क्यांचा उमेदवार यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि म्हणून मार्च २०२० मध्ये पीट बुटिजिज आणि एमी क्लोबुचार यांनी सुपर ट्यूसडेच्या तोंडावर माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला, त्याला डेलिगेटांच्या भाषेत फार मोठी किंमत होती. कॅलिफोर्नियात त्या दोघांना टपालाने आधीच पडलेली मते मात्र फुकट गेली.

पण उंबरठा प्रत्येक ढिगाला वेगळा असतो, याचा फायदाही घेता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनमध्ये गाझाच्या प्रश्नावर बायडन यांच्यावर नाराज असलेल्यांनी 'अनकमिटेड' म्हणजे 'कोणाशीच बांधील नाही' या पर्यायाला मते दिली. एक लाखाहून जास्त मते, पण राज्यभर मिळून १३ टक्क्यांच्या आसपास. राज्याच्या ढिगातून शून्य. तरी दोन मतदारसंघांत त्यांनी पंधरा ओलांडले आणि ११७ पैकी २ डेलिगेट मिळवले. पुढच्याच आठवड्यात मिनेसोटात तोच पर्याय १९ टक्क्यांच्या जवळ गेला आणि ७५ पैकी ११ डेलिगेट घेऊन आला. तेरा आणि एकोणीस यांत फरक सहाचा, पण दोन आणि अकरा यांच्या मधे उंबरठा उभा आहे. हे तुमच्या भाचीचे राज्य, म्हणून मुद्दाम सांगितले.

एकदा शंभर-सव्वाशे जागांची आघाडी मिळाली की या पद्धतीत ती भरून काढणे जवळजवळ अशक्य होते. २००८ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनिया, मेरीलँड, विस्कॉन्सिन अशी राज्ये ओबामांनी ओळीने आणि मोठ्या फरकाने घेतली. त्यानंतर क्लिंटन जिंकत राहिल्या, पण मोठ्या राज्यांतल्या दहा टक्क्यांच्या आतल्या विजयांत हाती येणार किती? वृत्तवाहिन्यांना जूनपर्यंत चुरस दिसत होती. तक्त्यात ती मार्चमध्येच संपली होती.

रिपब्लिकनांचे घर वेगळ्या वास्तूचे. तिथे प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला सरसकट ३ डेलिगेट, मग तिथे रिपब्लिकन मतदार दोन लाख असोत की मूठभर. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये रिपब्लिकन शोधावे लागतात, तरी तिथल्या मतदारसंघाला तीन म्हणजे तीनच. साध्या भाषेत, ब्राँक्समधल्या एका रिपब्लिकन मताची किंमत पक्क्या रिपब्लिकन अलाबामातल्या मताच्या कित्येक पट. वाटपाचे नियम राज्याराज्यांचे वेगळे. मार्चच्या मध्यापर्यंतच्या राज्यांना काही ना काही प्रमाणबद्धता ठेवावी लागते, नंतर 'जिंकेल त्याला सगळे' चालते. पण या बंधनातून सुटायला वाटा आहेत. साउथ कॅरोलिनात फेब्रुवारी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली. राज्यात पहिले आणि सातही मतदारसंघांत पहिले, म्हणून ५० पैकी ५० डेलिगेट त्यांचे. दोन-तृतीयांश मतदारांनी नको म्हटले आणि विरोधकांना एकही जागा नाही. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये ९५ पैकी ८९ ट्रम्प यांना, ६ जॉन केसिक यांना. गंमत म्हणजे ट्रम्प ज्या मॅनहॅटनमध्ये राहत तिथेच ते केसिक यांच्यापेक्षा मागे पडले होते.

म्हणजे रिपब्लिकनांकडे पहिला नंबर मोलाचा, डेमोक्रॅटांकडे फरक मोलाचा. एका पक्षात मुरलेला माणूस दुसऱ्या पक्षात गेला तर पहिले सहा महिने चुकाच करतो.

आणि नियम दगडावर कोरलेले नसतात. ते आदल्या वर्षी राज्य पक्षाच्या कंटाळवाण्या बैठकांत लिहिले जातात. २०१६ मध्ये ट्रम्प यांची माणसे या बाबतीत नवखी होती. २०२४ मध्ये तीच सर्वांत तरबेज होती. कॅलिफोर्निया रिपब्लिकन पक्षाने २०२३ मध्ये नियम बदलला: राज्यभर पन्नास टक्क्यांच्या वर गेलात तर १६९ च्या १६९ तुमचे. मार्च २०२४ मध्ये तसेच झाले. नेव्हाडात सरकारी प्रायमरी ६ फेब्रुवारीला आणि पक्षाचा कॉकस ८ फेब्रुवारीला. डेलिगेट फक्त कॉकसमधून. ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली प्रायमरीत उतरल्या, तिथे मतपत्रिकेवरच्या 'यांपैकी कोणीही नाही' या पर्यायाने त्यांना हरवले, आणि जिंकल्या असत्या तरी मिळणार शून्यच होते. ट्रम्प दोन दिवसांनी कॉकसमधून २६ च्या २६ घेऊन गेले. उमेदवारीसाठी लागणारा १,२१५ डेलिगेटांचा आकडा त्यांनी १२ मार्च २०२४ ला ओलांडला.

नियमांच्याही आधी मतपत्रिकेवर नाव यावे लागते. २०१२ साठी व्हर्जिनियात रिपब्लिकनांना दहा हजार सह्या हव्या होत्या, त्यातही प्रत्येक मतदारसंघातून किमान चारशे. न्यूट गिंग्रिच तिथले रहिवासी, तरी त्यांच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत. मतपत्रिकेवर मिट रॉम्नी आणि रॉन पॉल अशी दोनच नावे राहिली.

इथवर झाली संख्या. आता माणूस, कारण संख्या म्हणजे खुर्ची, आणि खुर्चीत कोणीतरी बसावे लागते.

बहुतेक राज्यांत प्रायमरी फक्त एवढे ठरवते की अमक्याला इतक्या खुर्च्या. त्यांत बसणारे लोक वेगळ्या प्रक्रियेतून येतात: वस्तीचा कॉकस, मग काउंटीचे अधिवेशन, मग मतदारसंघाचे, मग राज्याचे. ही शिडी चढताना कोणाचे लक्ष नसते, आणि ज्याचे असते त्याची चांदी होते. २०१२ मध्ये आयोवाच्या रात्री रॉम्नी आठ मतांनी विजयी जाहीर झाले. दोन आठवड्यांनी मोजणी पक्की झाली तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. भांडण त्या दोघांचे. पण त्या रात्रीचे मत कोणालाच बांधील नव्हते. तिसरे आलेल्या रॉन पॉल यांचे लोक काउंटीच्या आणि राज्याच्या अधिवेशनांत चिवटपणे हजर राहिले आणि २८ पैकी २२ खुर्च्या त्यांनी भरल्या. २०१६ मध्ये कोलोरॅडोत रिपब्लिकनांनी मतदारांचा कौल घेतलाच नाही, थेट अधिवेशनांतून डेलिगेट निवडले, आणि टेड क्रूझ यांच्या माणसांनी निवडून द्यायच्या ३४ च्या ३४ जागा नेल्या. ट्रम्प यांनी चोरी झाली म्हणून आरडाओरडा केला. चोरी कसली? ते वेळेवर आले नव्हते. त्याच सुमारास त्यांनी पॉल मॅनाफोर्ट यांना डेलिगेटांच्या कामावर घेतले.

इलिनॉयची पद्धत मला व्यक्तिशः लागते. तिथे रिपब्लिकन मतपत्रिकेवर मतदारसंघाच्या डेलिगेटांची नावेच छापलेली असतात, पुढे उमेदवाराचे नाव. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या ज्या डेलिगेटांची नावे परकी, मुसलमानी किंवा दक्षिण आशियाई वाटत होती, त्यांना त्याच यादीतल्या गोऱ्या वळणाच्या नावांपेक्षा कमी मते पडली, आणि ट्रम्प यांच्या काही जागा त्यामुळे निसटल्या. मत द्यायचे ट्रम्पलाच, पण हे नाव नको, असे म्हणणारे काही टक्के. ज्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' किंवा 'कुलकर्णी' आहे त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता माझी फजिती. २००८ चा वसंत, एका कॉकसच्या राज्यातले काउंटी अधिवेशन, शाळेचा जिम. आमच्या गटातून राज्य अधिवेशनासाठी ४ डेलिगेट निवडायचे होते. खोलीत बरोबर शंभर माणसे; आमची ६३, समोरची ३७. मी मनातल्या मनात ३-१ लिहून टाकले. सकाळी आठपासून बसलेले लोक, दुपारचे चार वाजले तरी नियमावलीवरची दुरुस्ती संपेना. आमच्यातले एक जोडपे माझ्याकडे आले: मुलाचा फुटबॉलचा सामना आहे, निघू का? मी म्हटले, निघा, आपण खूप पुढे आहोत. त्यांच्या जागी बसवायचे बदली डेलिगेट मीच तासभर आधी जेवायला सोडले होते. मोजणी झाली तेव्हा आमची ६१, एकूण ९८. ६२.२ टक्के. चारला गुणा: २.४९. निकाल २-२. बदली डेलिगेट बर्गरच्या पिशव्या घेऊन दारात आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या, समोरच्यांच्या.

तेव्हापासून मी माणसांना सोडत नाही.

सुपरडेलिगेटांविषयी थोडक्यात. डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य हे आपोआप डेलिगेट असतात, कोणाशीही बांधील नसतात. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून काँग्रेसचे सदस्य झाले, ते याच नात्याने २०२४ च्या डेलिगेटांत आपसूक मोडले. त्यांच्यावरून झालेल्या २०१६ च्या वादानंतर पक्षाने २०१८ मध्ये नियम केला: अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीत चुरस असेल तर यांनी मत द्यायचे नाही. दुसरी फेरी झालीच तर ते येतात. पण दुसरी फेरी १९५२ नंतर कोणत्याच मोठ्या पक्षात झालेली नाही, त्यामुळे याची चर्चा जास्त आणि उपयोग कमी.

बांधील म्हणजे किती बांधील, हे विचाराल तर डेमोक्रॅटिक नियमात शब्द 'सद्सद्विवेकबुद्धी'च्या अंगाने आहेत: ज्यांनी निवडून दिले त्यांच्या भावना प्रामाणिकपणे मांडाव्यात. कायद्याची बेडी नाही. २१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांचे सुमारे ३,९०० डेलिगेट एका क्षणात मोकळे झाले. पक्षाच्या नियमानुसार नव्या उमेदवाराला ३०० डेलिगेटांच्या सह्या लागत होत्या, एका राज्यातून पन्नासांहून जास्त नाहीत. कमला हॅरिस यांच्या माणसांनी दोन दिवसांत फोनवर फोन करून बहुमत गोळा केले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानात त्यांना भाग घेणाऱ्यांपैकी ९९ टक्के मते मिळाली. त्या दोन दिवसांत ज्याच्याकडे डेलिगेटांच्या फोन क्रमांकांची चालू यादी होती, त्याच्याकडे सगळे होते. ती यादी कोण ठेवते? मागच्या खोलीतली माणसे.

आता भाची. मिनेसोटात २०२० पासून प्रायमरी आहे, पण ती खुर्च्या मोजते. खुर्चीत बसणारे अजून जुन्याच शिडीने जातात. डेमोक्रॅटिक पक्षाला तिथे डीएफएल (डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर) म्हणतात. निवडणुकीच्या वर्षात हिवाळ्याच्या शेवटी वस्तीचे कॉकस होतात, बहुधा संध्याकाळी शाळेत. २०२४ मध्ये ते प्रायमरीच्या आठवडाभर आधी होते. तिथे गर्दी फार नसते, आणि वरच्या अधिवेशनाला जायला तयार असलेले त्याहून कमी. हात वर केला तर पहिली पायरी बहुतेकदा तिथेच चढता येते. पुढे सिनेट मतदारसंघाचे किंवा काउंटीचे अधिवेशन, मग काँग्रेस मतदारसंघाचे, मग राज्याचे.

या अधिवेशनांत मिनेसोटाची एक खास रीत आहे, चालते उपकॉकस. कोणीही उभे राहून गटाचे नाव पुकारते: अमुक उमेदवार आणि शाळा, अमुक उमेदवार आणि पर्यावरण. लोक उठून आपापल्या कोपऱ्यात जातात, डोकी मोजली जातात, आणि डेलिगेट त्या प्रमाणात वाटले जातात. अपूर्णांकांसकट. लहान गट टिकत नाही तेव्हा त्यातले लोक दुसऱ्या गटाशी सौदा करतात: आम्ही येतो, पण तुमच्या यादीत एक नाव आमचे. तिने आधी कागदावर आकडा काढावा की एका डेलिगेटला किती डोकी लागतात, आणि तेवढीच माणसे घेऊन आपला गट करावा. जास्त झाली तर उरलेली शेजारच्या मित्रगटाला द्यावीत, त्यांचा अपूर्णांक त्यांनी पुरा होईल. हे तिला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

राष्ट्रीय डेलिगेटसाठी वेगळा अर्ज असतो, त्यावर कोणत्या उमेदवाराला पाठिंबा ते लिहून सही करायची, मुदत पाळायची. उमेदवाराच्या मोहिमेला त्या यादीतून नावे काढून टाकण्याचा अधिकार असतो, तेव्हा आदल्या हिवाळ्यात चार दारे ठोठावून, दोन फोन-संध्याकाळी करून त्यांना आपला चेहरा माहीत करून द्यावा. स्त्री-पुरुष समान संख्येचा नियम आहे. शेवटची खुर्ची कधीकधी त्यावर ठरते. निवड झाली तर विमानाचे आणि हॉटेलचे पैसे स्वतःचे, आणि अधिवेशनाच्या आठवड्यात हॉटेले स्वस्त नसतात.

काउंटीच्या अधिवेशनाला जाताना डबा बांधून न्यावा, फोनचा चार्जर न्यावा, आणि मोजणी होऊन आकडा फळ्यावर लिहीपर्यंत खोलीबाहेर पाय टाकू नये.